छोट्या हॅचबॅकला सगळं मोजूनमापून दिलेलं असतं

प्रश्न असा आहे: "घरात आम्ही चौघं, दोन मोठी माणसं आणि दोन मुलं. पहिलीच गाडी घ्यायची आहे आणि एक लिटर इंजिनाच्या छोट्या हॅचबॅकपुढे बजेट जात नाही. अशी गाडी वापरणाऱ्यांपैकी काही म्हणतात डोळे झाकून घ्या. काही म्हणतात इंजिन थरथरतं, एसी लावला की गाडी ओढत नाही, कंपनी सांगते ते ॲव्हरेज कधीच मिळत नाही. खरं कुणाचं मानायचं?"

दोघांचंही माना. मी सव्वीस वर्षं गाड्या दुरुस्त करतो आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत छोट्या हॅचबॅकच जास्त असतात. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षी घेतलेल्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिलेल्या मी कितीदा तरी पाहिल्या आहेत. एकीची क्लच प्लेट चाळीस हजार किलोमीटरला जळून गेलेली, दुसरी लाखाच्या पुढे गेली तरी पहिल्याच प्लेटवर. दोन्ही मालक आपापला अनुभव खराच सांगतात.

हे असं का होतं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मोठ्या गाडीत प्रत्येक गोष्टीची थोडी शिल्लक ठेवलेली असते. इंजिनाची ताकद लागते त्याहून जास्त, तेल जास्त, रेडिएटर मोठा, टायर रुंद, बॅटरी दांडगी. छोट्या गाडीची किंमत खाली आणताना हीच शिल्लक कमी केलेली असते. काम नीट होईल एवढं सगळं असतं, पण वर काही उरत नाही. मोठ्या गाडीत वाईट सवय दोन-तीन वर्षं खपून जाते, छोट्या गाडीत ती सहा महिन्यांत बिलावर दिसते.

आता थरथर. नवी गाडी घेतलेल्या माणसाचा पहिल्या आठवड्यातला पहिला फोन याचाच असतो. एक लिटरच्या आसपासची बहुतेक इंजिनं तीन सिलिंडरची असतात. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, १८० अंश फिरला की पुढचा स्फोट होतो, तीन सिलिंडरच्या इंजिनात २४० अंशांनी. दोन धक्क्यांमधलं अंतर वाढलं की प्रत्येक धक्का वेगळा जाणवतो. शिवाय चार पिस्टनमध्ये कडेची जोडी एका बाजूला जाते तेव्हा मधली जोडी दुसऱ्या बाजूला जाते, त्यामुळे इंजिनाची दोन टोकं तोललेली राहतात. तीन पिस्टनमध्ये अशा जोड्या पडत नाहीत, म्हणून इंजिन या टोकापासून त्या टोकापर्यंत किंचित डुलतं. ते डुलणं रबरी माउंटिंग पिऊन टाकतात, पण सगळं नाही. सिग्नलला उभं असताना, एसी चालू असताना, स्टिअरिंगला आणि सीटला हलकी थरथर लागली तर तो बिघाड नाही. गाडी निघाली, इंजिन १,५०० आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाचे फेरे) वर गेलं की ती गेली पाहिजे.

पण तीच थरथर दोन-तीन वर्षांनी एकदम वाढली तर दुर्लक्ष करू नका. बहुतेक वेळा माउंटिंगचं रबर बसलेलं किंवा फाटलेलं असतं आणि ते बदललं की काम संपतं. दुसरी शक्यता जास्त काळजीची, ती म्हणजे एक सिलिंडर मिसफायर करत असतो. चारातला एक गेला तर पाव ताकद जाते, तीनातला एक गेला तर तिसरा हिस्सा. प्लग किंवा इग्निशन कॉइल बदलून प्रश्न सुटतो, पण डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकत असताना तशीच गाडी चालवत राहिलात तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळतो. एका कॉइलच्या कितीतरी पट खर्च तिथे होतो. दिवा लुकलुकला की गाडी कडेला घ्यायची, यात तडजोड नाही.

"ओढत नाही" ही तक्रार मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण ती गाडीची कमी आणि चालवण्याची जास्त असते. कागदावर ६५ हॉर्सपॉवर लिहिलेले असतात, पण ते साडेपाच हजार आरपीएमला मिळतात. तुम्ही १,५०० आरपीएमवर चढ चढत असाल तर त्या क्षणी इंजिनाकडे पंधरा-सतरा हॉर्सपॉवरच आहेत. एसीचा कॉम्प्रेसर त्यातले तीन-चार घेतो, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तेच इंजिन ३,५०० वर फिरू द्या, चाळीसच्या वर हॉर्सपॉवर मिळतात आणि एसीचा वाटा दहाव्या हिश्शाच्या आसपास येतो. गाडी तीच, फक्त गिअर खालचा.

एक शिक्षिका बाई आल्या होत्या. सहा महिन्यांची गाडी, तक्रार अशी की घाटात बंद पडल्यासारखी होते, दोन ठिकाणी दाखवली, कुणाला काही सापडत नाही. मी त्यांच्या शेजारी बसलो. गाडी चाळिशीला पोचली की त्या चौथा गिअर टाकायच्या आणि चढ आला तरी चौथ्यातच राहायच्या. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की रेस केलं की इंजिन लवकर जातं. मी त्यांना तिसरा टाकायला लावला, पुढच्या वळणावर दुसरा. आवाज वाढला, त्या घाबरल्या, पण गाडी सरसर वर गेली. त्या दिवशी मी पान्याला हात लावला नाही. कमी आरपीएमला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन घुसमटत चालवणं त्याला जास्त त्रासाचं असतं. आतून टकटक असा नॉकिंगचा आवाज येतो, बेअरिंगवर मार बसतो. इंजिन गरम झालेलं असेल तर तीन-साडेतीन हजार आरपीएम ही छोट्या इंजिनाची रोजची चाल आहे, शिक्षा नाही.

वजनाचा हिशेब तुम्ही चौघं म्हणून खास सांगतो. रिकामी गाडी साधारण ८०० किलोची. मुलं मोठी झाल्यावर चौघं आणि सामान मिळून ३०० किलो होतात. म्हणजे गाडीचं वजन जवळजवळ ३७ टक्क्यांनी वाढलं. दीड टनाच्या गाडीत तेच ३०० किलो म्हणजे २० टक्के. एकट्याने टेस्ट ड्राइव्ह घेऊन "पिकअप मस्त आहे" म्हणणारा माणूस खोटं बोलत नाही, पण तो वेगळी गाडी चालवून आलेला असतो. डोंगराळ भागात आणखी एक भर पडते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद समुद्रसपाटीपासून दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी कमी होते, कारण हवा विरळ होते. भरलेली गाडी घेऊन दोन हजार मीटर उंचीवर ओव्हरटेक करायचा असेल तर रस्ता दुप्पट मोकळा दिसायला हवा आणि एसी तेवढ्यापुरता बंद.

क्लचबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण छोट्या गाडीच्या मालकाला सगळ्यात आधी मोठा खर्च इथे येतो. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी रांगवत नेणं म्हणजे प्लेट घासत ठेवणं. वाहतूक कोंडीत पुढच्याने दोन फूट जागा सोडली की आपणही दोन फूट सरकायचं, असं तासभर केलं की प्लेट तापते आणि जळक्या ब्रेकसारखा वास येतो. तो वास एकदा आला म्हणजे प्लेटचं काही हजार किलोमीटर आयुष्य गेलं असं धरा. एका गाडीची जागा मोकळी होऊ द्या, मग पहिल्या गिअरमध्ये पूर्ण क्लच सोडून पुढे जा. चढावर उभं राहायचं तर हँडब्रेक. क्लच आणि ॲक्सिलरेटर यांच्या खेळात गाडी चढावर तोलून धरण्याचं कौशल्य ज्यांना येतं त्यांच्या प्लेटा मी सर्वांत जास्त बदलल्या आहेत.

एएमटी घ्यायची का, हा प्रश्न ओघाने येतोच. एएमटी म्हणजे तोच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि तीच क्लच प्लेट, फक्त पाय आणि हात यांचं काम मोटर किंवा हायड्रॉलिक पंप करतो. महागड्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो थोडं घसरणं सहन करतो. एएमटीत ते नाही. चढावर ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर आत प्लेट जळतच असते आणि क्लचचा पेडल नसल्यामुळे चालवणाऱ्याला ते कळतही नाही. गिअर बदलताना जो झोका बसतो त्याबद्दल मालक फार कुरकुर करतात. गिअर पडायच्या क्षणी ॲक्सिलरेटर किंचित सोडला की तो निम्म्याने कमी होतो, आठवड्याभरात पाय शिकतो. माझं मत विचाराल तर सपाट शहरात, रोजच्या गर्दीत एएमटी जरूर घ्या, गुडघ्यांना आराम पडतो. रोज तळघरातल्या पार्किंगचा उभा रॅम्प चढायचा असेल तर हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक सोडल्यावरही गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय, असलेली आवृत्तीच घ्या. ती परवडत नसेल तर मॅन्युअल बरी.

ॲव्हरेजचं दुखणं थोडक्यात. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून, एसी बंद ठेवून काढलेला असतो. जुन्या युरोपीय एनईडीसी चाचणीत गाडी सुमारे ११ किलोमीटर, वीस मिनिटं चालायची आणि सरासरी वेग ताशी ३४ किलोमीटरच्याही किंचित खाली असायचा. २०१७ पासून युरोपात आलेली डब्ल्यूएलटीपी चाचणी सव्वातेवीस किलोमीटरची आहे, सरासरी वेग ४६ च्या पुढे आहे, आणि तिचे आकडे रस्त्याच्या जास्त जवळ जातात. तरी कोणत्याच चाचणीत तुमची चार माणसं नसतात. म्हणून दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा वापरा, महिन्याचा खर्च काढायला नको. स्वतःचं ॲव्हरेज काढायचं तर टाकी फुल ते टाकी फुल, तेही लागोपाठ तीनदा. डॅशबोर्डवरचा आकडा मी पुरावा मानत नाही. आणि हमरस्त्यावर ८० ऐवजी ११० ने गेलात तर हवेचा अडथळा जवळजवळ १.९ पट होतो. छोट्या गाडीचा पाचवा गिअरही आखूड असतो, म्हणजे त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं, त्यामुळे तिथे ॲव्हरेज धाडकन खाली येतं. ताशी ८० ते ९० मध्ये ती फार समाधानाने चालते.

आता अशा गोष्टी, ज्यांच्याबद्दल मालक तक्रार करत नाहीत, कारण त्यांना त्या दिसतच नाहीत. पहिली म्हणजे तेल. छोट्या इंजिनात अडीच-तीन लिटर तेल असतं, मोठ्या इंजिनात चार-पाच. एक लिटर कमी झालं तर मोठ्याच्या पातळीत फरक पडतो, छोट्याचा तिसरा हिस्सा गेलेला असतो. शाळा, बाजार, घर अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत तेल पुरेसं तापतच नाही. थंड इंजिनात पेट्रोलचा आणि पाण्याचा अंश तेलात उतरतो आणि तापून उडून जायची संधी त्याला मिळत नाही. मग झाकण उघडलं की आतल्या बाजूला पिवळसर साय दिसते. अशा गाडीचं वर्षाला चार हजार किलोमीटर झालं असलं तरी तेल वर्षालाच बदला, आणि आठवड्यातून एकदा तिला अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर फिरवून आणा. तेल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच हवं. काही तीन सिलिंडर इंजिनांत टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवणारा पट्टा, तेलात बुडून फिरतो, तिथे चुकीचं तेल बेल्टचं रबर खातं, त्याचे कण तेलाच्या जाळीत अडकतात आणि इंजिन तेलाविना राहतं. बुकिंगच्या आधीच विचारा, बेल्ट आहे की चेन, आणि बेल्ट असेल तर कोरडा की तेलातला.

दुसरी म्हणजे बॅटरी. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. गाडी बंद असताना अलार्म, घड्याळ, कॉम्प्युटर मिळून ४० मिलिअँपिअर ओढत असतील तर दिवसाला जवळपास एक अँपिअर-तास जातो. वीस दिवस गाडी उभी राहिली की निम्म्याहून जास्त बॅटरी रिकामी. "नवी गाडी, सुट्टीवरून आलो तर स्टार्टच होईना" याचं उत्तर हे आहे. त्यात कुणी वायर कापून बाहेरून कॅमेरा किंवा दिवे जोडले असतील तर आठवडाही पुरतो. जास्त दिवस बाहेर जाणार असाल तर निगेटिव्हची तार काढून ठेवा.

तिसरी गोष्ट सांगताना मला अजून वाईट वाटतं. एक तरुण जोडपं दोन वर्षांची गाडी टो करून घेऊन आलं. रेडिएटरच्या पाइपची क्लिप सैल होऊन कूलंट गळून गेलं होतं. त्या गाडीत तापमानाचा काटा नव्हता. अनेक स्वस्त गाड्यांत तो नसतोच, फक्त थंड असताना निळा आणि फार तापलं की लाल दिवा असतो. लाल दिवा लागला तेव्हा गाव बारा किलोमीटरवर होतं आणि त्यांनी ठरवलं की हळूहळू जाऊ. अॅल्युमिनियमचा हेड वाकला, गॅस्केट गेलं, पिस्टन घासले. पहिल्या मिनिटाला थांबले असते तर एक क्लिप आणि तीन-चार लिटर कूलंट, एवढ्यावर भागलं असतं. शिवाय कूलंट पूर्ण गळालं की सेन्सर द्रवात राहत नाही आणि दिवा उशिरा लागतो, म्हणून दिव्यावर विसंबू नका. महिन्यातून एकदा, सकाळी थंड इंजिनावर, कूलंटच्या टाकीतली पातळी डोळ्यांनी बघा. एसीचा गारवा अचानक कमी झाला आणि पुढचा पंखा फिरल्याचा आवाज येईनासा झाला, तर तीही सूचना समजा. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं, चेहऱ्यावर येतं.

टायर अरुंद आणि लहान असतात, त्यामुळे हवा दोन-चार पीएसआय कमी असली तरी गाडी जड होते. महिन्याला साधारण एक पीएसआय आपोआप कमी होतो. दारापाशी चिकटवलेल्या तक्त्यात भरलेल्या गाडीसाठी वेगळा, जास्त आकडा दिलेला असतो, चौघं लांब निघालात की तोच भरा. खड्ड्यांतून चालवलेल्या गाडीची चाळीस-पन्नास हजारांनंतर पुढून खडखड येते. ते बहुधा सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश किंवा लिंक रॉड असतात, घाबरण्यासारखं नाही.

मालकांचं खरं सुख कुठे आहे तेही सांगायला हवं. एवढ्याशा गाडीत एवढी जागा कशी, हे प्रत्येक जण म्हणतो. १९५९ साली ॲलेक इसिगोनिस यांनी मिनीत इंजिन आडवं ठेवलं आणि जेमतेम तीन मीटरच्या गाडीत चार माणसांची सोय केली. पुढे १९६४ मध्ये ऑटोबियांकी प्रिमुला या गाडीत फियाटच्या दान्ते जाकोसा यांनी गिअरबॉक्स इंजिनाच्या टोकाला जोडला. तुम्ही जी गाडी बघताय तिच्या बॉनेटखाली तीच मांडणी आहे. अरुंद गल्ली, एका फटक्यात यू-टर्न, दोन गाड्यांमधली चिंचोळी जागा, मागची सीट पाडून नेलेलं कपाट... दहा वर्षं गाडी वापरून मोठी घेतलेले कितीतरी लोक मला येऊन सांगतात की शहरात जुनीच बरी होती.

एका बाबतीत मात्र मी कुणाचंही "आमचं काही बिघडलं नाही" ऐकत नाही, ती म्हणजे सुरक्षा. १९९७ मध्ये युरो एनकॅप या गाड्या आदळवून सुरक्षा तपासणाऱ्या युरोपीय संस्थेच्या पहिल्या फेरीत रोव्हर १०० या छोट्या हॅचबॅकला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला, आणि तिचं उत्पादन लवकरच थांबलं. तेव्हापासून छोट्या गाड्या खूप सुधारल्या, पण भौतिकशास्त्र सुधारत नाही. ८०० किलोची गाडी १,६०० किलोच्या गाडीवर समोरासमोर आदळली तर हलक्या गाडीच्या वेगात होणारा बदल दुप्पट असतो, आणि आतल्या माणसांना तोच बदल सोसावा लागतो. म्हणून पैसे कमी पडत असतील तर मोठी स्क्रीन आणि अलॉय व्हील सोडा, ईएससी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) आणि जास्त एअरबॅग असलेली आवृत्ती घ्या. मागच्या सीटवरही बेल्ट लावा, रोज, कोपऱ्यापर्यंत जायचं असलं तरी. हॅचबॅकच्या डिकीला वेगळी भिंत नसते. मागची पार्सल ट्रे काढून छतापर्यंत सामान रचलं तर जोरात ब्रेक दाबल्यावर ते मुलांच्या डोक्यावर येतं. जड सामान खाली, सीटच्या पाठीला टेकवून ठेवा.

टेस्ट ड्राइव्हला चौघंही जा, एसी पूर्ण लावा आणि विक्रेत्याने ठरवलेल्या सपाट रस्त्याऐवजी जवळचा एखादा चढ शोधा. मुलं लहान असतील तर त्यांची सीट बरोबर घेऊन जा. तुम्ही चालवायला बसता तेवढी पुढची सीट मागे सरकवा आणि मग तिच्यामागे मुलाची सीट आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलांची सीट अडकवायला गाडीतच दिलेल्या, हुकात बसते का ते बघा. बसत नसेल तर त्याच किमतीतलं दुसरं मॉडेल बघा, पुढची सीट पुढे ओढून, गुडघे डॅशबोर्डला टेकवून चालवू नका.